मिसाबाईंचा धुतलेला झगा

मी मिसाबाईंचा झगा बोलतोय. सध्या खाडीकाठच्या करावे गावातल्या धोंडूबाईंच्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम आहे. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, घडीघडीत डांबराच्या गोळ्या. मला बघून कोणीही म्हणेल, किती छान जपलाय! म्हणूनच मला बोलायचंय.

झगा होण्याआधी मी शीड होतो, धोंडूबाईंच्या सासऱ्यांच्या, जानू नाखवांच्या होडीवरचं. वारा भरला की माझं पोट फुगायचं आणि मला वाटायचं, खाडी माझ्यामुळेच चालते. मग होडीला मशीन बसलं. मला उतरवलं, अंगणात पसरलं आणि माझ्यावर जवळा वाळत घालायला लागले. कोंबड्या अंगावरून फिरायच्या. असा मी म्हातारा होत होतो.

तेव्हा मिसाबाई आल्या. त्यांचा नवरा द्रोणागिरीकडच्या एका गोदामाच्या कंपनीत जपानहून साहेब म्हणून आला होता. काम संपल्यावर तो परत गेला, त्या गेल्या नाहीत. का, ते मलाही कधी कळलं नाही. धोंडूबाईंच्या मागच्या खोलीत त्या भाड्याने राहिल्या. खरं नाव मिसाओ, गावाने त्याचं मिसाबाई केलं.

त्या बुतो नावाचा नाच बसवायच्या. त्यात ठेका नाही, गिरक्या नाहीत, हसरा चेहरा तर नाहीच. अंगाला पांढरं फासायचं आणि इतकं सावकाश हलायचं, की बघणाऱ्याला स्वतःचाच श्वास ऐकू यावा.

मिसाबाईंनी मला अंगणातून उचललं, हुंगलं आणि धोंडूबाईंकडे मागितलं.

"घे गो, पन कोंबऱ्यांनी घान केलंय त्याव," धोंडूबाई म्हणाल्या.

मिसाबाईंना ते जास्तच आवडलं. जाड दोऱ्याने हाताने शिवून त्यांनी माझा झगा केला, लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा. ओहोटी लागली की मला घालून त्या गाळात उतरायच्या. खारफुटीच्या मुळांपाशी उभ्या राहायच्या, कणाकणाने वाकायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. पाणी जिला सोडून गेलंय अशा बाईचा तो नाच होता. त्याचं नाव त्यांनी 'ओहोटी' ठेवलं.

त्या मला कधीच धुवायच्या नाहीत. तांदळाच्या पिठाचा लेप, घाम, खाडीचा गाळ, सगळं माझ्यावर थरावर थर वाळत गेलं. त्या जिथे वाकल्या तिथे माझी चुणी पक्की झाली. कोपरापाशी, कमरेत, गुडघ्यामागे. पुढे पुढे तर त्या मला घालून नुसत्या उभ्या राहिल्या, तरी आता कुठे वाकायचं ते मीच सांगायचो.

रुतिका ही धोंडूबाईंची नात. कॉलेज शिकलेली, फटकळ. लग्नाचं विचारणाऱ्या मावशीला "तुमचं झालंय ना, त्यात समाधान माना" असं सांगणारी. अशी पोरगी या सावकाश नाचाकडे कशी वळली, देव जाणे. पण ती रोज यायची. पांढरा लेप लावलेला बघून तिचा काका हितेश दारातून ओरडायचा, "काय गं, पीठ लावून बसलीस? तेल तापवू? भजी होतील."

"तापव काका. पहिलं तुझंच तोंड तळते."

मिसाबाई हसायच्या आणि मला तिच्या अंगावर चढवायच्या. त्यांचं मराठी धोंडूबाईंकडून उचललेलं, खेकड्याला चिंबोरी म्हणणारं. "घाई नाय. पाठीत चिंबोरी हाय. ती चढतंय. तू नको चढू. तिला चढू दे."

"पण कोपर कधी वाकवू?"

"झग्याला विचार."

आणि खरंच, रुतिकाचा हात घाईने वर गेला की माझी कडक चुणी त्याला अडवायची. थांबला की मी वाट द्यायचो. तिला मोबाइलवर हे सगळं शूट करायचं होतं. मिसाबाईंनी मान हलवली. "मोबाइलला कातडी दिसतंय. हाडं नाय दिसत."

मग मिसाबाई आजारी पडल्या. शेवटी शेवटी त्यांनी मला रुतिकाच्या मांडीवर ठेवलं. "ओहोटी यात हाय. तुझ्या अंगात जाईपर्यंत घाल." त्या गेल्या तेव्हा सख्खी बहीण गेल्यासारख्या धोंडूबाई रडल्या.

अर्धा नाच तोवर रुतिकाच्या अंगात उतरला होता. उरलेला अर्धा माझ्यात होता. ऑफिसातून आल्यावर ती मला घालायची आणि एकेक चुणी शिकत पुढे सरकायची. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी सीवूड्सच्या एका सभागृहात ती 'ओहोटी' करणार होती. मिसाबाईंची धाकटी बहीण जपानहून यायची होती. तिने हा नाच कधी पाहिलाच नव्हता.

वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसासाठी पाटावर कपडे मांडतात. धोंडूबाईंच्या मनात आलं, मिसाबाईंचं माणूस इथे कोण आहे? आपणच. आणि पाटावर मळकं कसं मांडायचं? आदल्या दिवशी रुतिका ऑफिसला गेली आणि त्यांनी मला मोरीत नेलं. गरम पाणी, सोडा, ब्रश. "बघ मिसाबाय, कसं पांढरं फेक करतंय तुना," असं त्या प्रेमाने बोलत होत्या आणि घासत होत्या. आधी काळं पाणी गेलं, मग राखाडी, मग दुधासारखं. कोपर गेलं. कंबर गेली. मला ओरडता येत नाही. नीळ घालून त्यांनी मला वाळवलं आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने उरलंसुरलं सपाट केलं.

संध्याकाळी रुतिकाने मला पाहिलं. हातात घेतलं, बाही चाचपली.

"आजी, हे काय केलंस?"

"उद्या पाटाव मांडाचा ना. चकाकतंय का नाय?"

"विचारलंस कोणाला? तुम्हा लोकांना विचारायची सवयच नाही! प्रेम आलं की ब्रश घेऊन सुटता!"

"अगो बाय, मना काय ठावं? मानूस गेल्याव त्याचं कापर मळकं ठेवाचं? पाप लागल."

"तो मळ नव्हता, आजी. मिसाबाई होत्या त्या."

धोंडूबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. वडीलधाऱ्यांना असं बोलू नये म्हणतात. मला नाही पटत. कोणीतरी बोलायलाच हवं होतं, फक्त ते मी मोरीत असताना बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रुतिका माझ्यासकट मंचावर उभी राहिली. पहिला अर्धा भाग तिच्या हाडांत होता, तो सुंदर झाला. मग तिचा हात वर निघाला आणि मी अडवायची वाट बघत राहिला. मी अडवू शकलो नाही. कुठल्याही धुतल्या सुती कापडासारखा मी तिच्या कोपरावरून घसरलो. ती थांबली. लोकांना वाटलं, नाचच असा असेल. ती अडलीय, हे फक्त मला कळत होतं. बऱ्याच वेळाने तिने हात खाली घेतला.

"एवढंच उरलंय," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतली बहीण उठली आणि कमरेत वाकून तिला नमस्कार केला. मागच्या रांगेत धोंडूबाईंनी तोंडात पदर कोंबला होता.

त्यानंतर रुतिकाने मला हात लावलेला नाही. आजीशीही ती कामापुरतं बोलते. या डांबराच्या गोळ्या धोंडूबाईंनीच ठेवल्यात. अधूनमधून त्या कपाट उघडतात, बघतात आणि मला हात न लावता बंद करतात.

रुतिका, मिसाबाईंचा नाच आता माझ्यात नाही. तो शोधायला येऊ नकोस, सापडणार नाही. पण माझी वीण अजून घट्ट आहे. मला बाहेर काढ, गाळात ने, आणि तुझं कोपर जिथे वाकेल तिथे वाक. मी हळूहळू शिकेन. मला जपू नकोस, मला मळव. आणि घरी आल्यावर आजीने सवयीने बादली उचललीच, तर ओरडू नकोस. तिचा हात धर.