तेराव्याचे पैसे

अंबरपेठेतल्या इंदुताईंनी स्वतःच्या तेराव्याचे पैसे बँकेत वेगळे ठेवले होते. आपल्या मरणाचं जेवण मुलाच्या खिशातून घालायचं नाही, ही त्यांच्या सासरची, उदगीरकडची रीत. सासूनंही तेच केलं होतं. तिच्या तेराव्याचे लाडू इंदुताईंना अजून आठवत, सासूपेक्षा जास्त.

एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांनी ती ठेव मोडली. नातू गौतम आणि नातसून तन्वी यांचा मूल होण्यासाठीचा उपचार दोनदा फसला होता, आणि आता दोघांचे पैसे संपले होते. मुलगा शिवराज भडकला. मरणाच्या पैशानं जन्म घडवायचा म्हणजे अपशकुन. इंदुताई म्हणाल्या, पैशाला सुतक लागत नाही. तुझ्या लग्नातला बँड तुझ्या आजोबांच्या विम्यातून वाजला होता.

दवाखान्याच्या भिंतीभर गुबगुबीत, गोरीपान बाळं लावली होती. आपल्या घरात यातलं एक जरी जन्मलं तर लोक चौकशी करतील, असं इंदुताई पुटपुटल्या आणि तन्वीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढे सरकवला. "तीन बार का पॅकेज ले लो अम्मा, सस्ता पड़ता. नै हुआ तो आधे पैसे वापस."

अशी सोय लग्नात असती, तर या गौतमच्या आजोबांना मी पहिल्याच वर्षी परत केलं असतं, असं इंदुताईंनी तिला दखनी हिंदीतच ऐकवलं. ती मुलगी तोंडावर हात धरून हसली. गौतमनं मात्र मोबाइलवर हिशेब मांडला. तीनचंच घेऊ म्हणाला, एकेकदा करण्यापेक्षा परवडतं.

तन्वी दंडावरचा इंजेक्शनचा निळा डाग ओढणीखाली सारत राहिली.

इंदुताईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "तन्वी, पैसे माझे आहेत, त्याच्याकडे बघू नकोस. किती वेळा जमेल तुला?"

"एकदा, आजी. हवंय मला. पण एकदाच. मग नाही झालं तर कुणी विषय काढायचा नाही."

"आजी, पण तीनचं स्वस्त..." गौतम म्हणाला.

"स्वस्त आहे म्हणून सुया तू टोचून घेणार आहेस का, बाबा?"

गौतमनं मोबाइल खिशात टाकला आणि तन्वीकडे पाहिलं, बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच.

"एकीच बार का बनाओ, बेटा," इंदुताई काउंटरवर म्हणाल्या, आणि पिशवीतून चेकबुक काढून त्यांनी सहीसाठी तन्वीकडेच पेन मागितलं.