पायातली सुई

त्या घरात सगळ्यांच्या आधी जाग यायची ती मुंगीच्या तोंडाला. डोळे उघडायच्या आत बडबड सुरू! पण परीक्षेच्या दिवशी सकाळी सहा वर्षांची मुंगी अंथरुणात नुसती बसून होती आणि तिची आई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांच्या कडा शिवत होती. बाकी घर चिडीचूप.

ही शांतता बाबांनी आणलेली. त्यांचं केस कापायचं दुकान. अमक्याच्या पोराने इंग्रजीची परीक्षा दिली, तमक्याच्या पोरीचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, हे गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. त्यात शिकवणीच्या बाईंनी युक्ती दिली. परीक्षेपर्यंत मुलीशी इंग्रजीतच बोलायचं. ती आपल्या भाषेत काही म्हणालीच, तर कुणी उत्तर द्यायचं नाही. पाणी मागितलं तरी नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांत हेच चालू होतं, आणि वर त्याचं कौतुक! आजीला इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे ती नातीसमोर तोंडाला कुलूप लावून बसे. आईला हे मुळीच पटत नव्हतं. तरी नियम तिनेही पाळला, हे सांगितलंच पाहिजे.

"गेट अप. शूज," आई म्हणाली. तिची इंग्रजीची पुंजी तेवढीच.

मुंगी भिंत धरून उभी राहिली. एक पाय टेकेना. तिने रात्रीही न काढलेला मोजा आईने उतरवला. तळवा सुजून टम्म झालेला, मधोमध काळा ठिपका, आणि लाली घोट्याच्याही वर चढलेली. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. परवा मशीनची सुई तुटली होती आणि तिचा तुकडा काही केल्या सापडला नव्हता. तो कुठे गेला हे आईला आता कळलं.

"कधी लागलं गं हे? सांगितलं का नाहीस?" आईने नियम झुगारून विचारलं.

मुंगीने घाबरून बाबांकडे पाहिलं. मग पाठ केलेलं वाक्य म्हणाली, "आय ॲम फाइन, थँक्यू."

आजीला राहवलं नाही. "परवा माझ्याकडे आली होती. 'आजी, पायात' एवढंच म्हणाली, तर हा खेकसला, 'इन इंग्लिश!' पोर गप परत गेली. आणि मीही मेली गप्प बसले."

बाबांचा चेहरा उतरला. तरी तोंडातून निघालं ते हेच, "परीक्षा तासाभराची तर आहे. तेवढी उरकून लगेच दवाखान्यात..."

"परीक्षा तुम्ही द्या जाऊन," आई म्हणाली. असं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. तिने मुलीला उचललं आणि तशीच अनवाणी जिना उतरली.

बाबा आणि आजीही मागोमाग धावले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढला. "पण जंतू वर पसरलेत. ताप उतरेपर्यंत मी काहीच सांगू शकत नाही. एवढं दुखत असताना पोर बोलली कशी नाही?"

आईने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

दुपारी मुंगीने डोळे उघडले. बाबा खाटेपाशी खाली बसले. "दुखतंय का गं, बाळा?" इतक्या दिवसांनी ते तिच्याशी आपल्या भाषेत बोलले.

मुंगीने दाराकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "इथे बोललं तर चालतं?"

आईने सांगितलं, "इथे चालतं, घरी चालतं, कुठेही चालतं. बोल."

मग मुंगी बोलायला लागली. पाय ठणकतोय, पाणी हवंय, बाबा रागावू नका, मला सगळं पाठ होतं.

ताप उतरला की गल्लीतलं एकेक दार वाजवून हा नियम मोडायला सांगायचं, असं आईने तिथेच ठरवलं. पण तोवर त्या गप्प घरांत कुणाला काय दुखत असेल, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.