डबा रिकामा देऊ नये

"आई, हे सगळं फेकून दे." गीतांजलीने सोनपापडीचं पाचवं खोकं उघडलं आणि तसंच बंद केलं. "नाहीतर वॉचमनला दे. पण संपव एकदाचं. मला बघवत नाही."

"वॉचमनने कालच हात जोडले," स्मिता म्हणाली. "त्याच्याकडेच आठ खोकी आहेत."

नेरूळच्या त्या फ्लॅटमध्ये यंदा दिवाळी नव्हती आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये सर्वांत जास्त फराळ तिथेच होता. स्मिताचा नवरा नंदकुमार श्रावणात गेला. ज्या घरचं माणूस गेलं तिथे वर्षभर सणाची कढई चढत नाही, म्हणून शेजारीपाजारी फराळ आणून देतात. चाल चांगलीच आहे. फक्त एकट्या बाईकडे इतक्या घरांचे लाडू आले तर ते खायचे कोणी, एवढं ती चाल सांगत नाही.

दुपारी गीतांजली नाशिकला परत गेली. निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. स्मिता तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि तिच्या मनात आलं, आपल्याला का येत नाही? श्रावणापासून तिला रडू आलं नव्हतं. जिभेला चवही नव्हती. चहा गरम लागायचा, एवढंच.

दार लावून ती टेबलापाशी बसली. खोक्यांचं एक वेळ ठीक होतं, पण स्टीलचे डबे परत द्यायला हवे होते. आणि डबा रिकामा देऊ नये, हे तिला आईने शिकवलेलं.

दर वर्षी ही चिंता नंदकुमारची असे. तो तुर्भ्याच्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअरकीपर होता. वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून ठेवणारा माणूस, तो मिठाई काय टाकणार! भाऊबीज झाली की तो बाह्या सरसावून बसायचा. चार घरचे चिवडे एकत्र करून वर कांदा-लिंबू. शंकरपाळ्यांचा चुरा दुधात. सोनपापडी शिऱ्यात, म्हणजे साखर वाचली. आणि पेढे, बर्फी, काजूकतली सगळं एकत्र कुस्करून, भाजलेल्या बेसनात मळून त्याच्या पोळ्या. सारण त्याचं, लाटणं तिचं.

"चिक्कू मारवाडी," ती म्हणायची.

"काटकसर म्हण. आणि खाऊन बघ आधी," तो म्हणायचा.

यंदा सारणही तिनेच केलं. पेढे कुस्करले, बेसन भाजलं. एक चिमूट तोंडात टाकली. काहीच कळलं नाही. गुळाच्या पोळीला, पुरणाला आपण गोड बेताने घालतोच, त्या सवयीने तिने दोन डाव पिठीसाखर घातली आणि मळलं. मग एकामागून एक पोळ्या लाटल्या, भाजल्या आणि निवल्यावर प्रत्येक डब्यात चार-चार ठेवल्या. कुणाचा डबा कुठला, त्याच्या चिठ्ठ्या झाकणांवर होत्याच.

पहिला डबा समोरच्या वैदेहीचा. तिने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा अवघडला.

"काकू, राग नका मानू हं. पण वर्ष झालं नाही ना अजून... सासूबाई म्हणतात, तोपर्यंत तुमच्याकडचं गोड घेत नाहीत. मी डबा रिकामाच घेते ना, प्लीज."

"असू दे गं. मलाच सुचलं नाही," स्मिता म्हणाली.

तिला खरंच सुचलं नव्हतं. चोपन्न वर्षांची बाई, सगळ्या रीतीभाती पाठ, आणि आपलं घर आता त्या घरांपैकी आहे हेच ती विसरली होती. घरी येऊन तिने सगळ्या डब्यांतल्या पोळ्या परत काढायला घेतल्या. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटेना.

शेवटचा डबा राहिला होता तेव्हा बेल वाजली. दारात जवळच्या शिरवणे गावातली गोजरा उभी होती. लग्नानंतर नऊ वर्षं स्मिता-नंदकुमार तिच्या खोलीत भाड्याने राहिले होते. नंदकुमारला बहीण नव्हती, म्हणून पहिल्याच दिवाळीत गोजराने त्याला ओवाळलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला तो फराळाचा डबा घेऊन शिरवण्याला जायचा. यंदा भाऊबीजेला तीच आली होती, डबा ठेवून, त्याच्या फोटोपाशी घटकाभर बसून गेली होती. आज पुन्हा आली.

"जेवलीस का नाय?" गोजराने आत येत विचारलं. "आनि ह्या पोल्या कशाला काढून ठेवल्यास?"

स्मिताने सांगितलं. गोजराने ऐकून घेतलं, एक पोळी उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली.

"ताई, वर्षाच्या आत..."

"भावाच्या घरचा खाया मना कोन अडवनार?" तिने दुसरी घेतली. "पन लय गोड केल्यास गं. साखर टाकलीस का काय? नंद्या असता त बोलला असता."

"बोलला असता," स्मिता म्हणाली. तिने उरलेला डबा पुढे केला. "हा तुमचा. रिकामा देत नाही, घेऊन जा."

गोजराने त्यातल्या चारही पोळ्या आपल्या पिशवीत ठेवल्या आणि डबा उपडा करून तिच्यापुढे धरला.

"हा माजा नाय. बग."

बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. स्मितास, नंदकुमार. खाली लग्नाचं साल.

"गेल्या भाऊबीजेला त्यानंच आनलेला. रिकामा कसा द्याचा म्हनून रायला माज्याकडं. आज देन, उद्या देन, करता करता वरीस गेला." गोजराने पदराने डबा आतून पुसला आणि टेबलावर ठेवला.

ती गेल्यावर स्मिताने पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. गोड होता. फारच गोड झाला होता. हे सांगायला ती आतल्या खोलीकडे वळली, दोन पावलं गेलीही, आणि मग तिथेच भिंतीला टेकून रडली.

नंतर तिने तोंड धुतलं. डबा घरचाच, रिकामा राहिला तरी चालला असता. तिने त्यात एक पोळी ठेवली, झाकण लावलं आणि तो फोटोखाली नेऊन ठेवला.