जयराजचं जावळ

"ह्यात हाय बघा माजा भाऊ," असं म्हणत वीरधवलने एक पुरचुंडी माझ्या टेबलावर टाकली. लाल कापडात केसांची बट होती, पिंगट, बारीक, लहान बाळाची.

इस्लामपुरात रक्त-लघवी तपासायचं आमचं केंद्र आहे. लोकांचं थुंकी-शौच मी रोज हाताळते आणि दुपारी हात धुऊन निवांत डबा खाते. मला सहसा कशाची किळस येत नाही. त्या दिवशी मात्र डबा न उघडताच घरी नेला.

जयराज हा वीरधवलचा धाकटा भाऊ, फौजेत होता. गाडी दरीत जाऊन तो गेला, तेव्हा त्याची बायको रेश्मा पोटुशी होती. मुलगी झाली, शिवांजली. आता ती तीन वर्षांची आहे. इतके दिवस कुणाला शंका आली नाही. पण त्यांची आई धोंडुबाई हिने उसाचं निम्मं रान नातीच्या नावावर करायचं काढलं आणि वीरधवलला अचानक मेलेल्या भावाच्या सुट्ट्यांच्या तारखा आठवायला लागल्या. पोरगी जयराजची आहे हे डीएनए तपासून ठरू दे, मग बघू, असं तो भावकीत बोलून बसला. मेलेला माणूस साक्षीला येत नाही, हे या शहाण्याला पक्कं ठाऊक.

रेश्मा तयार झाली. नाही म्हटलं असतं तर तिच्यात खोट आहे असंच ठरलं असतं. मी कापसाची काडी पुढे केली तेव्हा माझ्याकडे सरळ बघत तिने तोंड उघडलं. गालाच्या आतून कापूस फिरवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते काडीचं नव्हतं. पोरीने खाऊ मिळेल म्हणून आपण होऊन 'आ' केला. वीरधवल दारात उभा राहून मोबाइलवर कारखान्याच्या ऊसतोडीबद्दल बोलत होता. धोंडुबाई बाकावर पदर सावरत बसली होती. तिचाही मला राग आला. पोटात शंका नसती तर ही बाई इथवर आली असती का?

जावळ काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात आणि केस नदीत सोडतात. धोंडुबाईने थोरल्याचे सोडले होते. धाकट्याची एक बट मात्र तिने रीत मोडून देव्हाऱ्यात जपली होती. तीच आता तिने तपासायला आणली होती.

मी सांगितलं, हे चालणार नाही. जावळ वस्तऱ्याने कापलेलं, त्याला मूळ नाही. डीएनए मुळाशी, जिवंत पेशीत असतो. अंगातलं काय कसं बनवायचं, तो सांगावा त्यात असतो. केस म्हणजे त्या सांगाव्याप्रमाणे झालेलं काम, नुसतं प्रोटीन, नखासारखं.

"म्हंजी ह्यात माजा जया न्हाई?" धोंडुबाईने विचारलं.

तपासण्याजोगा नाही, असं मी म्हणाले. तिने बट उचलून मुठीत धरली.

वीरधवलला घाई होती. दुसरा काही मार्ग नाही का, असं त्याने विचारलं. मार्ग होता आणि तो सांगणं माझं काम होतं. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळतं आणि तेच तो आपल्या मुलीला देतो. त्यामुळे आजीचा नमुना घेतला तरी बरंच कळतं.

"मग काय, आईचा घ्या की," तो म्हणाला. "आये, तोंड उघड."

मी नवी काडी काढली. धोंडुबाईने काडीकडे पाहिलं, मग दारातल्या लेकाकडे आणि शेवटी रेश्माकडे. रेश्मा खाली बघत पोरीची चप्पल बांधत होती. म्हातारीने ओठ घट्ट मिटले.

"आये, उशीर हुतोय."

तिने मानेनेच नाही म्हटलं. तो चिडला, काहीबाही बोलला. अखेर ती उठली.

"रान माज्या नावावर हाय," ती म्हणाली. "निम्मं पोरीला जाईल. माज्या तोंडात काडी घालून मला इचारायचं न्हाई, वीरू. तिला इचारलं त्येच लय झालं."

तो पाय आपटत बाहेर गेला. रेश्माने आपल्या आणि पोरीच्या काड्या परत मागितल्या. मी तिच्यासमोर कात्रीने त्यांचे तुकडे करून कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकले. धोंडुबाईने मूठ उघडून जावळाची बट तिच्यापुढे धरली. रेश्माने ती घेतली नाही. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि ती बाहेर पडली.

मी खिडकीशी गेले. वीरधवल गाडीचं दार उघडून हॉर्न वाजवत होता. रेश्मा गाडीजवळून सरळ एसटी स्टँडच्या दिशेने निघाली. धोंडुबाईही गाडीत बसली नाही. मूठ पदराखाली धरून, हाक न मारता, चार पावलं अंतर ठेवून ती सुनेच्या मागून चालत गेली.