कुंजप्पनची झाकलेली होडी

केरळच्या कुट्टनाडातल्या कुंजप्पनला रोज संध्याकाळी होडीवर ताडपत्री घालायचा भारी कंटाळा.

"सकाळी काढायचीच, तर घालायची कशाला?"

"मग रोज जेवता कशाला?" बायको त्रेस्यम्मा विचारायची.

एकदा तिच्या बोलण्याला वैतागून त्याने होडी झाकली. मग आठ दिवस पाऊस कोसळत होता. उघडीप मिळाल्यावर त्याने ताडपत्री उचलली, तर आत त्यांचंच हरवलेलं बदक अंड्यांवर बसलेलं! हात पुढे करताच ते चोच उगारून अंगावर आलं.

"बघ तुझ्या झाकण्याचे प्रताप!" तो ओरडला.

"हळू बोला, बाळंतीण आहे," म्हणत त्रेस्यम्माने ताडपत्री परत ओढली.

महिनाभर कुंजप्पन शेजारच्या वर्कीच्या होडीतून बाजाराला गेला. वर्की होडी कधीच झाकत नसे. त्यामुळे निघण्याआधी रोज कुंजप्पनच रात्रीच्या पावसाचं पाणी उपसत बसे.