संध्याकाळचा रकाना

तिने फ्रिजमध्ये मागच्या भिंतीशी हात घातला, तर इन्सुलिनच्या खोक्याचा पुठ्ठा बोटांना फुगलेला लागला. भिजून वाळलेला कागद असा फुगतो, रडून निजलेल्या डोळ्यांसारखा.

दुसरं खोकं काढलं. तेही तसंच.

चार दिवस ती प्रशिक्षणाला गेली होती. औषधं कशी साठवावीत, कशी तपासावीत, नोंदी कशा ठेवाव्यात, हेच शिकायला. आज सकाळी परतून तिने बाबांच्या औषधदुकानात पुन्हा पांढरा कोट चढवला होता. तिने फ्रिजमधल्या थर्मामीटरचं बटण दाबलं. आत्ता: चार. पुन्हा दाबलं. गेल्या काही दिवसांतलं सगळ्यांत कमी: उणे पाच.

इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं. वितळल्यावर दिसायला पुन्हा नितळ दिसतं, पण त्यातला गुण निघून गेलेला असतो.

तिने खिळ्यावरची नोंदवही काढली. सकाळी चार, संध्याकाळी पाच. सकाळी चार, संध्याकाळी पाच. सगळे दिवस बाबांचं तेच मोत्यासारखं अक्षर. आजची सकाळ चार. आणि आजच्या संध्याकाळच्या रकान्यात पाच.

अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

"बाबा, आज संध्याकाळी फ्रिजचं तापमान किती असेल?"

बाबा गोळ्यांच्या पट्ट्या लावत होते. "मी काय ज्योतिषी आहे?"

"तुम्ही लिहिलंय. पाच."

पट्ट्या लावणारा हात थांबला. "कधीकधी आधीच लिहून टाकतो. पाचच असतं गं."

"आणि उणे पाच कधी होतं?"

बाबांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला. स्वच्छच होता तो.

"परवा सकाळी. खोकी बर्फाने भिंतीला चिकटली होती. फ्रिजचं बटण सरकलं होतं, ते नीट केलं. खोकी पुसली, वाळवली. बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, अगदी स्वच्छ होत्या." मग आवाज उतरला. "तीस वर्षांत या वह्यांमध्ये एक खाडाखोड नाही. तुला माहितीये."

माहीत होतं. वाचून काढावं, वाचून मोजावं, वाचूनच कुणाच्या हाती द्यावं. बाकीच्या मुलींना निजताना चांदोबा मिळाला, तिला औषध देण्याचं हे गाणं मिळालं होतं. स्टुलावर बसवून, पाठीवर ठेका धरत बाबांनी म्हटलेलं. शाळेत कुणी बापाची फुशारकी मारली की ती म्हणायची, माझे बाबा तीनदा वाचतात.

"यातलं कुणाला दिलंत?"

"एकच बाटली गेली." बाबा काउंटरकडे बघत म्हणाले. "शिवणताईंना. लेकीसाठी."

तिने आधी डॉक्टरांना फोन केला, मग समोरच्या गल्लीतल्या शिवणताईंना. त्या गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून धावत आल्या.

"आलीस का गं? चार दिवस दुकान कसं ओकंबोकं वाटत होतं. काय झालं एवढं?"

"ताई, परवा दिलेलं इन्सुलिन खराब होतं. गोठलेलं. आमची चूक आहे." 'आमची' म्हणताना जीभ अडखळली, पण तिने शब्द बदलला नाही. "ही नवी बाटली, आज सकाळच्या मालातली. पण आधी लेकीला डॉक्टरांकडे न्या, आत्ताच. ते वाट बघतायत."

शिवणताई ओरडल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढली आणि बोटांभोवती गुंडाळू लागल्या.

"साखर उतरेना, म्हणून मी तिला विचारलं, चोरून काय खाल्लंस? म्हणाली, काही नाही. परत विचारलं. काल तिचं दप्तर झाडलं, गादी उलटीपालटी केली. काहीच सापडलं नाही, तरी तिला खोटारडी म्हटलं." पट्टी संपली, तरी बोटं फिरत राहिली. "नऊ वर्षांची आहे. कालपासून बोलत नाही माझ्याशी."

बाबा पुढे आले. "ताई, मी..."

"मला नका सांगू, दादा. तिला सांगा. माझं ती आता ऐकायची नाही."

बाबांनी कोट काढायला घेतला. एक हात बाहीत अडकला. एरवी ती धावली असती. आज ती फुगलेली खोकी एकेक करून बाहेर काढत राहिली.

"तूही चल ना," बाबा दारातून म्हणाले. "तू बोललीस तर पोर ऐकेल."

"तुम्हीच जा."

शिवणताई बाटली पदराआड धरून रस्ता ओलांडूही लागल्या होत्या. बाबा पायरी उतरले, थांबले, पुन्हा वळले. उन्हात एवढेसे दिसत होते.

"काय सांगू गं तिला?"

तिने मान वर केली नाही.

"परवा सकाळी जे पाहिलंत, ते."