केसाळ्या गेलाच नाही

मी एक खारी-बिस्किटांची काचेची पेटी. कुलूप लावलेल्या घरातून बोलतेय, तेव्हा जरा कान देऊन ऐका. हिवऱ्याच्या फाट्यावर कादरभाईंच्या चहाच्या दुकानात माझा काय थाट होता म्हणून सांगू! एसटी थांबली की लोकांची पहिली नजर माझ्या काचांवर. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. दूध आटलं, चहा बंद झाला आणि मी मागच्या पडवीत धूळ खात पडले.

तिथून मला मागून नेलं मनकर्णाबाईंनी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा गोरक्ष नागापूरच्या कारखान्यात. बाई एकट्याच राहायच्या. पाझर तलावाच्या कामावर खणताना त्यांच्या कुदळीपुढे तळहाताएवढा केसाळ कोळी निघाला. बाया किंचाळल्या, कुणी दगड उचलला. बाईंनी चटकन त्याच्यावर घमेलं पालथं घातलं आणि संध्याकाळी त्याला डब्यातून घरी आणलं.

"खारीच्या पेटीत असलं ध्यान ठेवता व्हय?" मला देताना कादरभाई म्हणाले.

"घरात बोलाय कुनी न्हाई, भाऊ. ह्यो निदान ऐकंल तरी."

मला शिसारीच आली. कुठं खारी आणि कुठं हे!

बाईंनी आधी माझ्यात कापूस अंथरला, वाटीत भाकरीचा कुस्करा ठेवला. कोळी काच चढायचा आणि धपकन पडायचा. "आरं, पोट फुटंल तुझं!" म्हणत त्या पुन्हा कामावरच्या चरात गेल्या आणि तिथलीच माती घेऊन आल्या. पडला तरी लागू नये म्हणून मला निम्म्याच्या वर भरलं, माती दाबली, बोटानं एक भोक पाडलं, त्यावर करवंटी उपडी घातली. डबीच्या झाकणात पाणी. वर जाळी, जाळीवर वरवंटा. उन्हातून उचलून मला भिंतीच्या सावलीला ठेवलं. त्या दिवशी कोळ्यानं मनासारखं बीळ खणलं. नाकतोडे, झुरळं त्याला मिळू लागली. टँकरच्या पाण्यातला पहिला घोट त्याचा.

"केसाळ्या, आज लई ऊन हुतं बग," बाई सांगायच्या. तो बिळाच्या तोंडाशी बसायचा. खरं सांगते, मलाही त्याचा लळा लागला.

गोरक्ष न्यायला आला. "आई, चल की नागापूरला."

"आन् ह्याला कोन बगंल?" बाई म्हणाल्या. तो रागानं निघून गेला.

मग एक दिवस केसाळ्यानं बिळाचं तोंड मातीनं बंद केलं. खाणं नाही, पिणं नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला. आत तो पाठीवर पडून जुनं अंग सोडवत होता, ते मला दिसत होतं. सापाची कात गावात कुणीही ओळखेल हो, पण कोळ्याची कुणी पाहिलीय? त्यानं ती कात बाहेर ढकलली आणि पुन्हा आत दडला.

सकाळी बाईंनी ती उचलली. पाय, केस, सगळं जिथल्या तिथं. "किती हलका झालास रं! उपाशी मेलास," म्हणून त्या हमसून हमसून रडल्या. कात त्यांनी परसात पुरली. मग माणसाचं करतात तसं त्याचं केलं. जीव गेला त्या जागी, माझ्या मातीवर, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ पसरलं, जाळी लावली, बाहेर दिवा ठेवला. सकाळी पिठावर ज्याची पावलं उमटतील, त्या जन्माला जीव गेला म्हणायचं.

रात्री नव्या अंगाचा केसाळ्या भूक लागून बाहेर आला, पिठावरून फिरला आणि उजाडायच्या आत बिळात गेला.

बाईंनी ते बारीक ठसे पाहिले आणि हात जोडले. "कोळ्याच्याच जन्माला गेलास व्हय रं! आता कुनी चांगला भेटू दे तुला."

अहो बाई, ते त्याचेच पाय आहेत! मी किती ओरडले! पण खारीच्या पेटीचं कोण ऐकतंय?

आता त्यांना अडवणारं काही उरलं नव्हतं. गोरक्षला निरोप गेला, तो आला, दाराला कुलूप लागलं. नागापूरच्या त्या खोलीत मुलगा कामावर गेल्यावर बाई कुणाशी बोलत असतील, कोण जाणे.

झाकणातलं पाणी आटलंय. केसाळ्या संध्याकाळी बाहेर येतो, कोरड्या झाकणात पाय टेकवून बसून राहतो. तुमच्यापैकी कुणी नागापूरला जाणार असेल, तर गोरक्षच्या आईला एवढं सांगा. बाई, तो दुसऱ्या कुठल्या जन्मात गेला नाही. ह्याच जन्मात आहे, तुमच्याच घरात आहे, आणि त्याला तहान लागलीय.